उतरताना मोजायचं

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

परत ग्रॅप तीन लागला, म्हणजे प्रदूषणाच्या निर्बंधांचा तिसरा टप्पा. दिल्लीची हवा बिघडली की जनरेटर बंद, आणि जनरेटर बंद म्हणजे माझी भट्टी बंद. अडीच हजार डिग्रीवर असताना वीज गेली आणि थंड पाण्याचा पंप थांबला, तर भट्टीचं कवचच जाईल. म्हणून जनरेटरचा आधार नसेल तर बटणाला हात लावायचा नाही, असा नियम. नियम मीच केलेला. आता त्याच नियमाने मला डांबून ठेवलंय.

चोप्रासरांकडे गेले. आमचे विभागप्रमुख. म्हटलं, सर, पुण्याच्या प्रयोगशाळेतली जागा मार्चअखेरपर्यंतच आहे. ते म्हणाले, "मॅडम, मैंने कब मना किया? निधी को तैयार कर दीजिए, उसी दिन रिलीव्ह."

अट तीच. निधीने एकटीने भट्टी चालवायची, ग्राफाइटच्या त्याच चकतीवर मोजायचं, आणि तिचे आकडे माझ्या आकड्यांच्या तीन टक्क्यांच्या आत यायला हवेत. माझे आकडे म्हणजे इथली मोजपट्टी. बाहेर आल्यावर स्वतःचाच राग आला. इतकं नीट काम कशाला करावं माणसाने.

१६ नोव्हेंबर, रविवार

गेल्या उन्हाळ्यात बदलीची ऑर्डर येणार, येणार म्हणून सामान पुण्याला पाठवून बसले. सोफा गेला, कपाट गेलं, शिवणयंत्र गेलं. मयूर विहारच्या या फ्लॅटमध्ये उरलंय काय, तर एक खाट, कुकर, एक पातेलं आणि टेबलफॅन. नोव्हेंबरात टेबलफॅन! फोनवर बोललं की खोली घुमते. नवरा, विजय, म्हणतो, तू विहिरीतून बोलत्येस का?

त्याची बँकेतली बदली दोन वर्षांपूर्वी पुण्याला झाली. लेकीला, रूथलाही बरोबर पाठवलं, दहावीच्या आधीच शाळा बदललेली बरी म्हणून. "तू काय, सहा महिन्यांत येशीलच," सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

शेजारच्या भाटियाआंटी दिसेल तिथे विचारतात, "गईं नहीं अभी तक?" आज त्यांना चुकवायला जिना सोडून लिफ्ट धरली. आंटी लिफ्टमध्येच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

भट्टी बंद असली तरी हात चालतात. निधीला चकती बसवायला शिकवली. निधी लखनौची, पीएचडी होऊन नुकतीच लागलीय, प्रोबेशनवर आहे, मुनिरकात खोली घेऊन राहते. हात हलका आहे. चिमटा धरताना श्वास रोखते. मी पण रोखायचे.

नाण्याएवढी चकती. खालून लेझरचा एक झटका द्यायचा, आणि ती उष्णता वरच्या बाजूला पोचायला किती वेळ लागला ते बघायचं. तेवढ्यावरून कळतं की इतक्या तापमानाला ग्राफाइट उष्णता किती भराभर पुढे सरकवतं. एवढंच काम, असं मी सगळ्यांना सांगते आणि सगळे फसतात. झटका सोपाच. त्या क्षणी चकती नेमकी किती तापलेली आहे हे सांगणं, त्यात आयुष्य जातं.

हिच्याआधी तिघांना शिकवून झालं. एक बंगलोरला गेला, एक जर्मनीला, तिसरा लग्न करून सासऱ्यांच्या धंद्यात. ही चौथी. "मॅम, आप यहाँ कब से हैं?" सांगितलं, तर तिचा चेहरा पडला. स्वतःचं पुढचं दिसलं असावं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ग्रॅप उठला! भट्टी लावली.

निधीला आमची पद्धत पहिल्यापासून सांगितली. सकाळी आल्याआल्या भट्टीच्या खिडकीची काच पुसायची. मग काचेमागे मापाचा दिवा, म्हणजे ज्याचं तापमान नक्की माहीत आहे असा, लावून पायरोमीटर तपासायचा, कारण आतल्या तापमानाला तापमान मोजायची कुठलीच तार टिकत नाही, पायरोमीटर त्या काचेतून आतला उजेड बघतो आणि आकडा सांगतो. मग भट्टी थेट टोकाला, २७०० ला न्यायची. आणि मोजायचं ते उतरताना. टप्प्याटप्प्याने थांबत.

"चढ़ते हुए क्यों नहीं?" 

कारण मोठा लोड सकाळीच मिळतो. दुपारी सगळ्या बिल्डिंगचे हीटर लागले की व्होल्टेज बसतं. उतरायला वीज कमी लागते, आणि संध्याकाळची ऑफिसची बस सुटायच्या आत सगळे आकडे हातात येतात. माझ्या आधीच्या शर्मासरांनी मला असंच शिकवलं. त्यांना कोणी शिकवलं, देव जाणे.

२७०० ला आतला उजेड काळ्या काचेतून पाहिला तरी डोळ्यांत राहतो. निधी मागे सरली. मी इतक्या वर्षांनीही बघते. खरं म्हणजे आवडतं मला. हे विजयला सांगत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

रूथचा फोन. इथे होती तेव्हा "बोर हो गई यार मम्मा" म्हणायची. उंबरठा म्हणजे काय, असं विचारायची. आज म्हणते, "अगं, पप्पांनी आमटीला काय चरचरीत फोडणी दिली!" चरचरीत! मी विचारलं, कुठून शिकलीस? तर वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून. त्या काकू तिच्या केसांना तेलही लावून देतात.

फोन ठेवून मी त्या काकूंचा मनातल्या मनात यथेच्छ उद्धार केला. त्यांचं काय चुकलं, बिचाऱ्यांचं.

९ डिसेंबर, मंगळवार

निधीने काल एकटीने पहिल्यांदा भट्टी चालवली. मी मुद्दाम लायब्ररीत जाऊन बसले. आकडे आले ते जुळेनात. माझ्यापेक्षा चार-पाच टक्के वर.

"किया क्या तुमने?"

"मॅम, सीधे ऊपर ले जाने में डर लगा. धीरे-धीरे चढ़ाई, तो चढ़ते हुए ही नाप लिया. मैंने सोचा बात तो एक ही है." बस चुकली म्हणून पुढे मेट्रोने गेली म्हणे, मुनिरकाला पोचेपर्यंत घरमालकिणीने फाटक लावलेलं.

बोलले तिला. जरा जास्तच. खरं तर तिचं म्हणणं बरोबर आहे. चढताना मोज नाहीतर उतरताना मोज, आकडा एकच यायला हवा. ग्राफाइटला काय कळतं आपण कुठल्या बाजूने आलो ते? मग आकडा वेगळा आला याचा अर्थ हात चुकतोय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा तेच. मी शेजारी बसून माझ्या पद्धतीने करून घेतलं की जुळतं. एकटी, स्वतःच्या पद्धतीने केलं की फाटतं. त्यातही विचित्र म्हणजे अगदी टोकाला, २७०० ला, दोघींचे आकडे जुळतात. फाटतात ते मधे. नवशिक्याचं उलटं होतं, मधे जमतं आणि टोकाला फसतं. बसमध्ये बराच वेळ डोकं चालवलं, मग पुलावर गाडं अडकलं आणि डुलकी लागली.

१६ डिसेंबर, मंगळवार

ग्रॅप चार. सगळं बंद. खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसत नाही. घसा धरलाय.

चोप्रासर निधीच्या समोरच मला म्हणाले, "इससे नहीं होगा तो किसी और को देखते हैं." किसी और म्हणजे पाचवा. पाचवा शिकेपर्यंत मार्च गेला, पुण्याची जागा गेली. मला बोलायला हवं होतं की हिचा हात चांगला आहे. बोलले नाही. तेव्हा मला फक्त मार्च दिसत होता.

निधी वॉशरूममध्ये जाऊन रडून आली. तोंड धुतलेलं होतं, कळतंच.

२६ डिसेंबर, शुक्रवार, पुणे

काल नाताळ. चर्चला तिघं गेलो, उपासनेनंतर सगळ्यांनी मला "कधी आलात, कधी जाणार?" असंच विचारलं. नगरहून सासूबाई आल्यात. करंज्या त्यांनी आणि वरच्या काकूंनी मिळून केल्या. मी कातणं शोधत होते, तर रूथ म्हणाली, "मम्मा, तू बस गं, तुला नाही सापडणार."

माझंच शिवणयंत्र, माझंच कपाट. कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझ्या साड्या होत्या तिथे आता विजयच्या फायली आहेत, साड्या वर गेल्यात. हात पोचत नाही. रूथला सांगितलं तर तिने टाचा न उचलता काढून दिली. किती उंच झाली ही!

विजय रागवत नाही, हाच त्याचा दोष. रागावला असता तर भांडले असते. "जमत नाही का त्या मुलीला?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, जमेल. "मग ठीक," म्हणाला आणि पेपर उलटला.

३० डिसेंबर, मंगळवार

परत. गाडीत एक बाई पुण्यापासून फोनवर मुलीला भाजी कशी करायची ते सांगत होती. मला कोणी विचारत नाही.

७ जानेवारी, बुधवार

लिहावं की नाही असं वाटतंय. लिहिते.

काल मी शेजारी बसले, निधीने माझ्या पद्धतीने भट्टी चालवली, आकडे जुळले, ती खुशीत बसला पळाली. आज तिला घरी ताप. म्हणजे सकाळी काच पुसायला कोणी नव्हतं. मी मापाचा दिवा लावला आणि सवयीने हात फडक्याकडे गेला, तेवढ्यात चहावाला आला, तेवढ्यात फोन वाजला. फोनवर बोलता बोलता पायरोमीटरकडे पाहिलं. दिवा २४०० चा आहे. पायरोमीटर २२९० च्याही खाली दाखवत होता.

काच पुसली. बरोबर २४००.

काचेवर काजळी धरते हे आम्हाला माहीत आहे, म्हणून तर रोज पुसतो. ग्राफाइट वितळत नाही, वर गेलं की त्याची सरळ वाफ होते आणि ती थंड काचेवर जाऊन बसते. पण आम्ही समजत होतो की ती हळूहळू, आठवडाभरात साठते. एका दिवसात एवढी? आणि एका दिवसात म्हणजे कधी? टोकालाच. तिथेच वाफ होते. पहिल्या काही मिनिटांतच.

म्हणजे आम्ही आधी टोकाला जातो, काच काळी करून घेतो, आणि मग त्या काळ्या काचेतून बघत बघत उतरतो. पायरोमीटर २४०० म्हणतो तेव्हा चकती पंचवीसशेच्या वर असते. टोकाला दोघींचे जुळायचे, कारण टोकाला पोचेपर्यंत दोघींचीही काच स्वच्छ. मधे फाटायचे, कारण तिची काच अजून स्वच्छ आणि माझी आंधळी.

निधी बरोबर आहे. पहिल्या दिवसापासून बरोबर आहे. मी चूक, शर्मासर चूक, इथून आजवर गेलेला उतरतीचा प्रत्येक आकडा चूक.

९ जानेवारी, शुक्रवार

निधी अजून आलेली नाही. एकटीने खात्री केली. चढताना मोजलं, उतरताना मोजलं, काच न पुसता दिवा लावला. शंकाच नाही.

कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? येणार कसं. बाहेरच्या देशांतले आकडे आमच्याशी जुळले नाहीत की आम्ही म्हणायचो, ग्राफाइट काय, प्रत्येकाचं वेगळं असतं. तेवढं वाक्य सगळ्याला पुरलं. मीच किती सेमिनारमध्ये म्हटलंय, हसून.

आणि रोज सकाळी काच पुसून पुरावाच पुसत होतो. तोही निष्ठेने.

११ जानेवारी, रविवार

सांगितलं तर काय होईल ते स्पष्ट आहे. जुन्या चकत्या सगळ्या काढायच्या, सगळ्या परत मोजायच्या, ज्यांना आकडे गेलेत त्यांना कळवायचं. कुठली चकती कुठल्या गठ्ठ्यातली हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. चोप्रासर मला दोन वर्षं सोडणार नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही सोडलं नसतं. पुण्याची जागा दुसरा कोणी घेईल. रूथची बारावी होईल.

नाही सांगितलं तर निधीला एकच वाक्य सांगायचं. उतरताना मोज. बस. आकडे जुळतील आणि मी सुटेन.

विजयला फोनवर सगळं सांगितलं. त्याने काचेचं परत एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "आधी ये. मग तिथून लिही पत्र." मी म्हटलं, तिथे माझ्याकडे भट्टी नसेल, माझ्या पत्राला कोण विचारणार? तो म्हणाला, "मग काय करणारेस?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

सांगितलं. ते एकच वाक्य.

"निधी, पद्धत बदलायची नाही. टोकाला न्यायची, उतरताना मोजायचं. तुझा गोंधळ तिथेच होतोय." हे हिंदीत बोलले अर्थात, आणि मायेने बोलले. हेच जास्त लागतंय. तिने मान डोलावली, वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली.

२७ जानेवारी, मंगळवार

जुळले. एक टक्क्याच्या आत. तीनदा केलं, तिन्ही वेळा.

निधीने मला मिठी मारली. "मॅम, मुझे लगा था मुझसे कभी नहीं होगा. मुझे लगा मैं ही बेवकूफ़ हूँ." ती माझ्या खांद्यावर रडली. मी तिच्या पाठीवर थोपटत राहिले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

५ फेब्रुवारी, गुरुवार

परवा ऑर्डर आली. शुक्रवार २७ फेब्रुवारी, दुपारनंतर कार्यमुक्त. शनिवारचं तिकीट काढलं.

चोप्रासरांनी सगळ्यांना मिठाई वाटली. रूथला फोन केला तर किंचाळली, आणि किंचाळली ती हिंदीत. "सच्ची? पक्का?" कान तृप्त झाले. विजय नुसता "हं" म्हणाला, मग म्हणाला, "तुझ्या साड्या खालच्या कप्प्यात ठेवतो." त्या एका वाक्याने मला रडू फुटलं. भाटियाआंटींना मी आपणहून बेल वाजवून सांगितलं.

दोन दिवस छान गेले. मी ठरवलं होतं, विचार करायचा नाही. केलाही नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चोप्रासर निधीला म्हणाले, "अब तो भट्टी आप ही हैं. आपको हम कहीं जाने नहीं देंगे." प्रेमाने. मलाही असंच म्हणाले होते, माझ्या केसांत एकही पांढरा नव्हता तेव्हा. निधीचं लग्न ठरलंय, मुलगा लखनौला नोकरीला आहे. "मॅम, दो साल में ट्रांसफर मिल जाएगा ना?" मी म्हटलं, देखेंगे.

नवं काम आलंय. मोठं, वीसेक नमुने, सगळे २७०० पर्यंत. कशाला लागणार ते आपण विचारत नाही, पण ज्या भागांना एवढी आच सोसायची ते भाग खेळण्यातले नसतात. रिपोर्टवर सही निधीची. सर म्हणाले, तिचं नाव व्हायला सुरुवात होऊ दे.

१५ फेब्रुवारी, रविवार

मराठी ख्रिस्ती मंडळीची महिन्याची उपासना. द्वारकेहून, नोएडाहून लोक येतात, सगळे सरकारी नोकरीतले, निम्मे बदलीची वाट बघणारे. पाळकसाहेबांनी पुढे बोलावून माझ्यासाठी निरोपाची प्रार्थना केली, देवाने हिला मोकळं केलं म्हणून आभार मानले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझ्या तोंडून निघालं नाही. बायकांना वाटलं मी भावुक झाले. कुलकर्णीवहिनी शेजारी होत्या, दरवेळी आमच्या केकसाठी येतात, त्यांनी रुमाल दिला.

सही निधीची. हे डोक्यातून जात नाही. मी माझी चूक न कळता केली. ही माझी चूक करणार, आणि ती मी तिला कळून-सवरून शिकवलेली. उद्या कुणाच्या लक्षात आलं तर मी पुण्यात फोडणीला चरचरीत म्हणत बसलेली असेन, आणि कागदावर नाव असेल तिचं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी निधी फडकं घेऊन काचेकडे निघाली. कालच भट्टी टोकाला जाऊन आलेली. मी म्हटलं, "रुको. आज मत पोंछो. पहले दिया लगाओ."

तिने दिवा लावला. पायरोमीटर बघितला. माझ्याकडे बघितलं. परत पायरोमीटर. हुशार मुलगी आहे. काच पुसली, परत बघितलं. स्टुलावर बसली.

"मॅम, तो मैं सही थी?"

"हो," म्हटलं. मराठीतच निघालं तोंडातून.

"आपको कब से पता है?"

सात जानेवारी, असं सांगितलं. तिने तारीख लावून बघितली असणार, कारण मान खाली गेली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग वैतागून म्हणाली, "आपने मुझे अपने कंधे पर रोने दिया." आणि निघून गेली. बाकी सगळं माफ करण्यासारखं असलं तरी हे नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

निधी आली. डोळे सुजलेले. दार लावून घेतलं.

"मॅम, आप किसी से मत कहिए. आप जाइए. बेटी है आपकी. मैं दो-चार महीने बाद बता दूँगी कि मैंने अभी पकड़ा."

किती सहज म्हणाली! आणि मला क्षणभर, क्षणभर कशाला, चांगला दिवसभर ते पटत होतं. बसमध्ये पटत होतं, भाजी घेताना पटत होतं. कुकरची शिट्टी झाली तेव्हा उलगडलं. प्रोबेशनवरची पोरगी, भट्टीवर जेमतेम तीन महिने, उभी राहून म्हणणार की तुमचे इतक्या वर्षांचे आकडे चुकीचे आहेत? चोप्रासर माझा गठ्ठा काढून समोर टाकतील. मॅडम गेल्या आणि हिचे आकडे परत फाटले, असंच म्हणतील. "इससे नहीं होगा." तिचं ऐकलं जाईल ते फक्त मी शेजारी उभी असेन तर.

आणि उभी राहिले, तर उभीच राहीन. इथेच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

विजयला सांगितलं, सरांकडे जाऊन सगळं बोलणार आहे म्हणून. या वेळी रागावला. पहिल्यांदा. "दोन वर्षं झाली, अजून दोन? मी काय सांगू रूथला? तुझी आई एका काचेपायी अडकलीय म्हणून?" मी म्हटलं, काचेपायी नाही. मग कशापायी, म्हणाला. फोन त्यानेच ठेवला. बरं वाटलं, का कोण जाणे. निदान मी नसल्याचं त्याला इतकं लागतंय.

भाटियाआंटी ढोकळा घेऊन आल्या. "अब तो बस हफ़्ता भर!" म्हणाल्या. मी ढोकळा घेतला.

२२ फेब्रुवारी, रविवार

चर्चला गेले नाही. कुकर, पातेलं, खाट न्यायला उद्या टेम्पोवाला येणार होता. त्याला परवा ये म्हटलं. परवाचं परवा बघू.

निधीला फोन केला. उद्या सकाळी चोप्रासरांकडे जाते म्हटलं. ती म्हणाली, मैं भी आती हूँ. मी म्हटलं, नको, तू भट्टी लाव. नवी काच बसव, चढताना मोज, मधे कुठे थांबायचं ते तूच ठरव. बस चुकली तर चुकू दे. ती म्हणाली, "और आपका ऑर्डर?" मी म्हटलं, ऑर्डर सरांच्या हातात आहे. कदाचित सोडतीलही. आम्हा दोघींना चोप्रासर माहीत आहेत.

उद्या आत जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं ते दुपारभर घोकत होते. हिंदीत बोलून पाहिलं, इंग्रजीत बोलून पाहिलं. रिकाम्या खोलीत ते परत माझ्याच अंगावर येत होतं.

आत्ता रूथचा मेसेज आलाय. विजयने तिला काही सांगितलेलं दिसत नाही. "मम्मा, तुझा डबा कुठला? म्हणजे मी बरोब्बर त्याच्यासमोर उभी राहीन."

बी-चार. पाठ आहे मला. मोबाईल हातात धरून बसलेय.